करंगळी, अंगठा, दोन बोटं : चिखलातली सायकल
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात 'ब' विंगमधील एका निवृत्त गणित शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरी साहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय त्यांनी दिला होता 'आरोग्य आणि सायकल'. मी म्हटलं, साहेब, सायकलने आरोग्य सुधारतं हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, फक्त सायकल काढायचा कंटाळा येतो. त्यापेक्षा मला चिखलावर बोलू द्या. ते हसले. पण मागच्या दोन वार्षिक सभांचं इतिवृत्त काढून बघा. पाणीपट्टीच्या खालोखाल कशावर वाद झाला असेल तर तो जिन्यातल्या चिखलावर. 'रविवारी पोरं सायकली घेऊन रानात जातात आणि येताना अर्धं रान जिन्यात आणून टाकतात', हे 'अ' विंगमधल्या आजींचं वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात आहे. सायकली जिन्याखाली ठेवू नयेत असा ठरावही येऊन गेला. त्या ठरावाच्या विरोधात हात वर करणारा मी एकटाच होतो, म्हणून आज खुलासा करणं माझं काम आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आपला चिखलाशी संबंध आजचा नाही. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला आणि पुढच्याच वर्षी आपल्या सोसायटीची नोंदणी झाली. ही जागा म्हणजे कापसाचं रान होतं. इमारती उभ्या राहिल्या, पण मुख्य रस्त्यापासून फाटकापर्यंतचा तुकडा तीन पावसाळे तसाच काळ्या मातीचा होता. सायकल मोठ्या रस्त्यावरच्या किराणा दुकानापाशी लावायची, चपला हातात घ्यायच्या आणि घरी यायचं. एकदा मी हट्टाने सायकल ढकलत आणली. पन्नास पावलांत चाकं फिरायची थांबली. मग तीच सायकल खांद्यावर घेऊन आलो. आमचे पहिले सेक्रेटरी काका गॅलरीतून ओरडले, "सर, सायकल तुमच्यासाठी आहे का तुम्ही सायकलसाठी?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

आता फाटकापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे. पण आपली मुलं सायकल घेऊन सिमेंटवर थांबत नाहीत, आणि थांबूही नयेत. कोणी कयाधूच्या काठाने नर्सीला जातं, कोणी औंढ्याच्या बाजूला निघतं, कोणी मामाच्या शेतात जातं. डांबरी रस्ता सोडला की मुरूम लागतो, मुरूम संपला की पाणंद. आणि चिखल फक्त पावसाळ्यातच असतो असं कोणी समजू नये. हिवाळ्यात कॅनॉलला पाण्याची पाळी सुटते. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी वसमतकडे जातं, ईसापूरचं कळमनुरीकडच्या भागात. हळदीला, उसाला, गव्हाला पाणी चालू असतं. चारी फुटते, पाणी पाणंदीवर येतं, त्यातून उसाचे ट्रॅक्टर जातात आणि गुडघाभर चाकोऱ्या पडतात. वरून कोरडं दिसतं आणि पाय ठेवला की आत जातो. मधूनच अवकाळी येतो तो वेगळाच. त्यामुळे जानेवारीतही हे सगळं लागू आहे.

आधी आपली माती समजून घेऊ. ही माती काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची झीज होऊन झालेली आहे. तिच्यात बारीक चिकण भाग फार. पाणी पडलं की ती फुगते, वाळली की भेगा पडतात. उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढी भेग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सायकलवाल्याच्या दृष्टीने या मातीच्या तीन अवस्था आहेत. पाऊस चालू असताना ती पातळ असते, राड म्हणतो ती. ती उडते, अंगावर येते, पण चाकावरून ओघळून पडते. पूर्ण वाळली की धूळ. या दोन्हींच्या मधली अवस्था वाईट. पाऊस उघडला, ऊन पडलं, एक दिवस गेला, की माती कणकेसारखी होते. त्या दिवशी ती चाकाला धरते आणि सोडत नाही. शिवाय पाणंदीवर सोयाबीनचं भुसकट, पऱ्हाटीच्या काड्या, गवत पडलेलं असतंच. माती आणि भुसकट एकत्र मळलं की काय होतं हे ज्यांनी मातीच्या भिंती लिंपल्या आहेत त्यांना सांगायला नको.

म्हणजे लोक समजतात त्याच्या उलट आहे. धो-धो पावसात सायकल निघून जाते. उघडिपीच्या दुसऱ्या दिवशी अडकते.

शेतकऱ्याला हे माहीत असतं. तो वापसा आल्याशिवाय वखर घालत नाही. मी मुलांना तेच सांगतो. पाणंदीच्या तोंडाशी उतरा, चिमूटभर माती घ्या, तळहातावर वळा. वळली आणि वातीसारखी लांब झाली तर आज त्या वाटेने जायचं नाही. वळताना तुटून भुगा झाला तर जा. याला पैसे लागत नाहीत आणि मोबाईलही लागत नाही. दुसरं असं, की ओल्या पाणंदीत तुम्ही चाकं घातली की चाकोरी पडते, ती वाळून दगडासारखी होते, आणि पुढचे चार महिने त्या चाकोरीत कोणाची तरी बैलगाडी, कोणाची तरी आजी अडखळते. वाट आपल्या एकट्याची नाही.

आता मडगार्ड.

मडगार्ड कशासाठी असतं? कपडे खराब होऊ नयेत म्हणून, असं उत्तर येतं. ते अर्धंच आहे. मागचं मडगार्ड तुमची पाठ वाचवतं आणि तुमच्या मागून येणाऱ्याचं तोंड वाचवतं. पुढचं मडगार्ड त्याहून महत्त्वाचं. पुढच्या चाकाचं पाणी सरळ तुमच्या पायांवर, चेनवर आणि पॅडलच्या आसाजवळच्या बिअरिंगवर येतं. त्या पाण्यात बारीक वाळू असते. ती तेलात मिसळली की चेनला कानस लावल्यासारखं होतं. म्हणून ओल्या दिवसांत रोज शाळेत, कॉलेजात, ऑफिसात डांबरी रस्त्याने जाणाऱ्यांनी पूर्ण लांबीचं मडगार्ड लावावं, आणि पुढच्या मडगार्डला खाली रबरी फ्लॅप असावा. फ्लॅप जेवढा खाली, तेवढे बूट कोरडे. इंग्लंडमध्ये हिवाळाभर पाऊस असतो. तिथे गटाने सायकल चालवणारे लोक मागच्या मडगार्डलाही लांब फ्लॅप लावतात. स्वतःला त्याचा काही उपयोग नसतो, मागच्यासाठी लावतात.

पण हेच मडगार्ड काळ्या मातीत गेलं की काय होतं? टायर माती उचलतं, मडगार्डच्या पोकळीत नेतं, आणि तिथे ती अडकते. प्रत्येक फेऱ्याला थर वाढतो. सगळ्यात आधी अडतं ते पुढे चिमट्याखाली आणि मागे पॅडलच्या आसामागे, जिथे दोन नळ्या जवळ येतात. आधी खर्र खर्र आवाज येतो, मग चाक जड होतं, मग थांबतं. मागचं चाक थांबलं तर तुम्ही उतरता. पुढचं चाक अचानक थांबलं तर तुम्ही उतरत नाही, पडता.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सोसायटीत बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा धाकटा तेव्हा बारावी होऊन पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे मैदान, आणि रविवारी सायकलवर शेतात. त्याच्या सायकलला २६ इंचाचं, १.९५ रुंदीचं टायर होतं. ते गुळगुळीत झालं होतं. त्याने मला सांगितलं, "बाबा, टायर घसरतं." मी म्हटलं, आता जाडच घालू, म्हणजे प्रश्नच मिटला. मी २.३५ चं टायर आणलं आणि माझ्या हाताने बसवलं. बसलं. फिरवून पाहिलं, कुठे घासत नव्हतं. मडगार्ड जुनंच ठेवलं. मी खूश.

मी गणिताचा शिक्षक. १.९५ आणि २.३५ मधला फरक ०.४ इंच, म्हणजे जवळजवळ १० मिलिमीटर. टायर जेवढं रुंद होतं, साधारण तेवढंच उंचही होतं. टायर आणि मडगार्ड यांच्यात आधी अठरा मिलिमीटर जागा असेल तर आता आठ उरली. पाचवीच्या मुलाला हे गणित घातलं असतं तर त्याने केलं असतं. मी केलं नाही.

जानेवारी होता. कॅनॉलला पाणी होतं. चारी फुटून पाणंद ओली झाली होती आणि दोन दिवसांच्या उन्हाने कणकेसारखी आली होती. उतारावर पुढच्या मडगार्डमध्ये माती भरली, टायरने मडगार्ड आपल्याबरोबर ओढलं, त्याची काडी दुमडून टायर आणि चिमट्याच्या मध्ये गेली आणि चाक जागेवर थांबलं. पोरगा हँडलवरून पुढे गेला. डावं हासळीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हात गळ्यात. त्या वर्षीची मैदानी चाचणी त्याच मुदतीत होती. गोळाफेक आहे, धावणं आहे. प्रश्नच नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर त्याच्या आईने मला एकच विचारलं, "अहो, टायर तुम्हीच बसवलं होतं ना?" मी हो म्हटलं. ती पुढे काही बोलली नाही. पोरानेही कधी बोलून दाखवलं नाही. पुढची भरती निघेपर्यंत त्याची वाट वेगळी झाली होती. आज तो दुसऱ्या नोकरीत आहे, सुखात आहे, इथे मागच्या खुर्चीवर बसलेलाही आहे. आज हे सांगू का, असं मी त्याला काल विचारलं. म्हणाला, "सांगा बाबा, पण आकडे बरोबर सांगा."

तर आकडे सांगतो. मुलांनो, हात वर करा आणि बोटं बघा. टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा मोजायला पट्टी लागत नाही.

फक्त डांबरी रस्ता असेल तर करंगळी सहज जाईल एवढी जागा पुरे. मुरूम, खडी, कच्चा रस्ता असेल तर अंगठा गेला पाहिजे. काळ्या मातीची पाणंद असेल तर दोन बोटं एकावर एक ठेवून गेली पाहिजेत, आणि तीही चारी बाजूंनी : वर, डावीकडे, उजवीकडे आणि चिमट्याखाली. दोन बोटं जात नसतील तर त्या दिवसापुरतं मडगार्ड काढून ठेवा. करंगळी, अंगठा, दोन बोटं. मोठं टायर घातलं की पुन्हा बोटं घालून बघा. पंक्चर काढून आणलं तरी बघा, कारण चाक थोडं तिरकं बसलं तर एका बाजूची जागा जाते.

दोन बोटं जागा कोणत्या मडगार्डला मिळते? रेंजर म्हणतो तसल्या सायकलींना प्लास्टिकची उंच बसणारी मडगार्डं मिळतात. मागचं सीटच्या दांड्याला अडकवायचं, ते चाकापासून वीतभर वर राहतं. पुढचं चिमट्याच्या वरच्या बाजूला, किंवा फ्रेमच्या खालच्या नळीला पट्टीसारखं बांधायचं. यांनी पाय पूर्ण कोरडे राहत नाहीत, हे मान्य. पण तोंड आणि पाठ वाचते आणि चाक फिरत राहतं. त्यांना तार-काडी नसते, त्यामुळे काडी चाकात जायचा धोकाही नाही. पूर्ण लांबीचं मडगार्ड हवंच असेल तर पुढच्या काड्यांना सुटणारी क्लिप असलेलं घ्या. ओढ बसली की ती क्लिप सुटते, काडी दुमडत नाही. दुकानात मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही, म्हणून मागा.

जुन्या काळ्या सायकलीला, ज्यावर आपण सगळे शिकलो तिला, लोखंडी मडगार्ड असतं आणि जागा बरी असते. तरीही आमच्या गावाकडचे लोक पावसाळा लागला की पुढचं मडगार्ड काढून माळ्यावर टाकायचे, आणि कॅरिअरला एक बांबूची कामटी खोचलेली असायची. दर थोड्या अंतरावर उतरायचं, कामटीने माती काढायची, पुढे जायचं. मी अजून कामटी ठेवतो. मुलांनी ती ठेवावी. तिला वजन नाही, किंमत नाही. मात्र चाक फिरत असताना कामटी किंवा बोट घालू नये. एवढं लक्षात ठेवा.

आता टायर. इथे दुकानदार आणि मुलं मिळून पालकांना गुंडाळतात, म्हणून पालकांनी नीट ऐकावं.

पहिली गोष्ट, गोट्या-गोट्यांचं टायर म्हणजे ओल्यात चांगलं, असं नाही. ओल्या डांबरी रस्त्यावर पकड रबराने येते, नक्षीने नाही. मोटारीचं टायर पाण्यावर तरंगतं म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचं टायर अरुंद असतं, त्यात हवेचा दाब जास्त आणि वेग कमी, त्यामुळे ते पाणी बाजूला सारून रस्त्याला टेकतंच. उलट मोठ्या गोट्यांचं टायर डांबरावर कमी टेकतं, वळणावर वळवळतं आणि दम काढतं. ज्याची सायकल फक्त शाळा आणि क्लास करते, त्याला बारीक नक्षीचं, मऊ रबराचं टायर घ्या.

दुसरी गोष्ट, मुरमावर आणि कच्च्या रस्त्यावर मधली नक्षी चांगली : मध्यभागी गोट्या जवळजवळ आणि कडेला थोड्या उंच. सरळ जाताना हलकं चालतं, वळताना कडेच्या गोट्या धरतात. आपल्या सोसायटीतल्या दहापैकी आठ सायकलींना हेच टायर पुरेसं आहे.

तिसरी गोष्ट, चिखलासाठी गोट्या उंच हव्यात आणि एकमेकींपासून लांब हव्यात. उंच असल्या की खाली घट्ट जमिनीपर्यंत पोचतात. लांब असल्या की मधली माती चाक फिरताना निघून जाते. गोट्या दाट असतील तर पहिल्या दोन फेऱ्यांत मधल्या फटी मातीने भरतात आणि ते टायर गुळगुळीत टायरासारखंच होतं. दुकानात टायर घेताना दोन गोट्यांच्या मध्ये करंगळीचं टोक जातं का बघा.

चौथी गोष्ट रुंदीची. माझी चूक इथेच झाली. रुंद टायर वाळूत आणि दगडांत चांगलं. पण आपल्या चिखलात रुंद टायर जास्त माती उचलतं आणि जागा कमी ठेवतं. थोडं अरुंद टायर, १.७५ ते २ इंचाचं, वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकतं. बेल्जियममध्ये थंडीच्या चिखलात सायक्लोक्रॉस नावाच्या शर्यती होतात. त्यात मोठ्या स्पर्धांना टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, म्हणजे आपल्या काळ्या सायकलीच्या टायरपेक्षाही अरुंद. ते लोक मडगार्ड लावत नाहीत, मध्येच सायकल बदलतात. एक चालवायची, तोवर दुसरी मेकॅनिक धुऊन तयार ठेवतो, आणि अवघड जागी सायकल खांद्यावर घेऊन पळतात. जगातले चांगले सायकलपटू चिखलात उतरून चालतात. मग आपण उतरलो तर त्यात कमीपणा कसला? दोन-तीन वर्षांपासून चार इंची टायरच्या जाड सायकलींची हौस आली आहे. दिसायला रुबाबदार आहे. पण आपल्या पाणंदीत ती उघडिपीच्या दुसऱ्या दिवशी नेली तर एका चाकावर कुंडी भरेल एवढी माती येते.

पाचवी गोष्ट, एकच चांगलं टायर घ्यायची ऐपत असेल तर ते पुढे घाला. मागचं घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. आणि टायरच्या कडेवर बाण असतो, चाक फिरण्याच्या दिशेचा. तो उलटा बसवला तर माती बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवायची शक्यता असते.

सहावी गोष्ट मापाची. '२६ चं टायर द्या' म्हणून आणलं आणि बसलं नाही, असं इथे किती जणांचं झालंय? हात वर बघतोय मी. २६ इंच म्हणून दोन वेगळी मापं विकली जातात. रेंजर सायकलीचं २६ × १.९५ वेगळं आणि लेडीज सायकलीचं २६ × १ ३/८ वेगळं. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात तीन आकडी माप असतं : पहिल्याचं ५५९, दुसऱ्याचं ५९०. काळ्या मोठ्या सायकलीच्या २८ × १ १/२ चं ६३५. नवीन सायकलींत २७.५ चं ५८४ आणि २९ चं ६२२. हे तीन आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा, दुकानदाराला तेच सांगा. गणिताच्या मास्तरचा एवढा तरी उपयोग व्हावा.

हवा. पंपवाला 'फुल भरू का?' विचारतो आणि आपण मान हलवतो. चिखलात, कच्च्यात हवा थोडी कमी हवी, म्हणजे टायर जमिनीला जास्त टेकतं. दोन इंची टायरला डांबरावर ४० ते ४५ पीएसआय ठीक, कच्च्यात ३० च्या आसपास. मुलाचं वजन कमी असेल तर अजून थोडी कमी. पण फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चावते, दोन छिद्रं शेजारी-शेजारी पडतात, साप चावल्यासारखी. अशी दोन छिद्रं दिसली की समजायचं, काटा नव्हता, हवा कमी होती. आणि काट्यांचं म्हणाल तर पाणंद म्हटली की बाभळ आलीच. रबर ओलं असलं की काटा आणि काच सहज आत जाते. म्हणून परत आल्यावर चाक हळूहळू फिरवून हाताने नाही, डोळ्याने बघा. काटा रुतलेला असेल तर तो त्याच दिवशी काढा, नाहीतर सोमवारी सकाळी शाळेच्या वेळेला हवा गेलेली असते.

ब्रेकचं एकच सांगतो. ओल्या रिमवर, विशेषतः जुन्या लोखंडी रिमवर, ब्रेक फार उशिरा धरतो. पाण्यातून बाहेर आलात की ब्रेक हलकेच दाबून चाकाचे दोन-तीन फेरे रिम पुसून घ्या, मग उतार उतरा. आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, त्यातल्या काही आपल्या नात्यात, शेजारात गावोगाव आहेत. त्या पोरी रोज कच्च्या रस्त्याने शाळा गाठतात. सुट्टीत गावी गेलात तर त्यांच्या सायकलींना बोटं घालून बघा, ब्रेकची रबरं बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता जिन्यातल्या चिखलाकडे येतो, कारण अ विंगच्या आजी घड्याळ बघताहेत.

आजी, तुमचं बरोबर होतं. मी ठरावाला विरोध केला कारण सायकल बंद झाली असती, चिखल नाही. पण जिना झाडणाऱ्या ताईंना आपला चिखल खरवडायला लागतो, हे मी त्या दिवशी बोललो नाही, ते बोलायला हवं होतं. म्हणून माझ्यातर्फे तीन गोष्टी. पहिली, बोअरच्या टाकीशेजारी सायकल धुण्यासाठी एक नळ आणि दगडी फरशी. त्याचा खर्च मी देतो. माती गटारात जाऊ नये म्हणून खाली एक खड्डा असेल, त्यातली माती बागेत टाकायची. ती चांगलीच माती आहे. आणि मुलांनो, पाण्याचा जोराचा फवारा चाकाच्या आसावर मारायचा नाही, ग्रीस निघून जातं. बादली आणि चिंधी घ्या, नंतर चेनला तेलाचे चार थेंब. दुसरी, वॉचमनच्या खोलीत काटा असलेला पंप ठेवणार आहे, सगळ्यांसाठी. तिसरी, दर पावसाळ्याच्या आधी आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, कॅनॉलला पाळी सुटायच्या सुमारास, मी खाली बसणार. ज्याला सायकल दाखवायची असेल त्याने आणावी. पैसे नाहीत. चहा आणला तर घेईन.

पहिले सेक्रेटरी काका आज आपल्यात नाहीत. त्यांनी गॅलरीतून विचारलेला प्रश्न मात्र मी विसरलो नाही. सायकल आपल्यासाठी आहे. म्हणून माती वळून बघायची, बोट घालून बघायचं, आणि नाहीच जमलं तर उतरून चालायचं.

पंधरा मिनिटांची वीस झाली, त्याबद्दल माफी असावी. जाता जाता, मुलांनो, मोठ्याने म्हणा बघू. डांबरी रस्ता? करंगळी. मुरूम? अंगठा. काळी माती?

शाब्बास.